१४ संगणक आणि एक वही

पोस्ट लांब आहे. रात्री निवांत वाचा. पण शाळेच्या समितीवर असाल, ग्रामपंचायतीत असाल किंवा तुमची पोरं गावातल्या शाळेत जात असतील, तर नक्की वाचा. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या भागातल्या लोकांना ओळखू येईल, त्यांनीही कमेंटमध्ये लिहू नये ही विनंती. अशा बंद खोल्या बऱ्याच शाळांत आहेत, त्यामुळे एकाच शाळेला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

२०२४ चा जून. शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. आठवीत मला विज्ञान शिकवायच्या, त्यामुळे अजूनही अरेतुरेच.

"अरे, संगणकांच्या निर्लेखनाची यादी करायचीय. १४ आहेत. भंगारवाला सगळ्यांचे मिळून साडेतीन हजार म्हणतोय. सही करायच्या आधी तू एकदा नजर टाकून जा, माझा जीव होत नाही."

माझं तालुक्याला छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर दुरुस्ती, सीसीटीव्ही, कुणाचं बिलिंगचं सॉफ्टवेअर. त्याआधी पुण्यात सहा वर्षं नेटवर्किंगची कामं केली. शनिवारी दुपारी गेलो. मामांनी (शाळेचे शिपाई, आम्ही शिकत होतो तेव्हापासून तेच) कुलूप उघडायला दहा मिनिटं घेतली, कारण किल्ली कुठली हेच कुणाला आठवत नव्हतं. आत १४ संगणक, प्रत्येकावर शिवलेलं कापडी कव्हर, कव्हरवर बोटभर धूळ. भिंतीवर उद्घाटनाची पाटी. दहा-बारा वर्षांपूर्वी एका योजनेत आलेले. योजना होती तोवर शिकवणारे सरही होते, करारावर. करार संपला, सर गेले. मग एकेक यंत्र बंद पडत गेलं आणि एक दिवस खोलीला कुलूप लागलं. यात कुणी चोरी केली, खाल्लं, असं काही नाही. सगळं कागदोपत्री नीट झालंय, हेच जास्त टोचतं.

एकेक उघडून बघितला. ९ यंत्रांची हार्डडिस्क गेलेली. २ मदरबोर्डांवरचे कपॅसिटर फुगलेले, ते गेलेच. बाकी यंत्रं सुरू व्हायची, पण विंडोज उघडेपर्यंत तास संपेल अशी गत. रॅम प्रत्येकी २ जीबी. रजिस्टरला मात्र सरसकट एकच शेरा : "नादुरुस्त". आता विचार करा, बैलगाडीचं एक चाक मोडलं म्हणून कुणी बैलांसकट गाडी भंगारात घालतं का? मॉनिटर चांगले, कीबोर्ड चांगले, प्रोसेसर चांगला. गेली होती ती फक्त डिस्क.

आणि डिस्कशिवाय संगणक चालतो. हे पुण्यात असताना पाहिलं होतं, हातानं कधी केलं नव्हतं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. शाळेत दुपारची खिचडी एकाच पातेल्यात शिजते. प्रत्येक पोराच्या दप्तरात स्टोव्ह आणि तांदूळ नसतो. पोरं फक्त ताटली आणतात, वाढून घेतात आणि खायचं काम आपापलं करतात. इथेही तसंच. एक बऱ्यापैकी संगणक सर्व्हर म्हणून ठेवायचा, त्यावर लिनक्स बसवायचं. बाकीच्या यंत्रांत डिस्कच ठेवायची नाही. बटण दाबलं की यंत्रातलं नेटवर्क कार्ड वायरीतून हाक मारतं, "मला पत्ता द्या, आणि सुरू व्हायला कुठली फाइल घेऊ ते सांगा." याला पीएक्सई म्हणतात, गेल्या वीसेक वर्षांतल्या जवळपास प्रत्येक मदरबोर्डवर ही सोय असते. उत्तर आलं की यंत्र आधी छोटी फाइल ओढतं, मग लिनक्सचा गाभा, आणि मग सर्व्हरवरची पूर्ण सिस्टीम नेटवर्कवरून वाचायला लागतं. हिशेब करायचं काम त्याचा स्वतःचा प्रोसेसर करतो. पोरांनी केलेलं काम सर्व्हरवर प्रत्येकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये राहतं. बाकी काही उलटसुलट केलं, सेटिंग बिघडवलं, तर यंत्र बंद करून सुरू करायचं, सगळं पहिल्यासारखं.

हे सगळं जुळवून देणारी व्यवस्था फुकट मिळते. एलटीएसपी तिचं नाव, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट. जिम मॅक्विलन यांनी १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली, आणि २०१९ मध्ये नव्याने लिहिली गेलेली. शाळांमध्ये लिनक्स ही काही परदेशी चैन नाही. आपल्या केरळने २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू केला, पुढे सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या आणि शिक्षकांनाच त्यात तयार केलं. शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ते तेव्हा ठेवलं नाही.

बाईंना म्हटलं, "यादी पंधरा दिवस थांबवा." पंधराचे पन्नास झाले, तो भाग वेगळा.

खर्च सांगतो, कारण विचारणार तुम्ही. सर्व्हरसाठी जुना पण दणकट डेस्कटॉप, १६ जीबी रॅम आणि एसएसडी टाकून साडेतेरा हजार. १६ पोर्टचा स्विच, वायर, युपीएस, किरकोळ मिळून साधारण अकरा हजार. आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज टाकला, चार दिवसांत पैसे जमले. मेलेल्या दोन यंत्रांची रॅम काढून दुसऱ्या दोघांना लावली. माझी मजुरी धरलेली नाही, पण ती धरायला हवी होती असं आता वाटतं. का ते पुढे येईलच.

आता अडचणी. यूट्यूबवर सगळं वीस मिनिटांत होतं. प्रत्यक्षात काय काय झालं ते लिहितो, म्हणजे कुणी करायला घेतलं तर माझ्यासारखे शनिवार वाया जाणार नाहीत.

पहिली अडचण बॅटरीची. संध्याकाळी सगळ्या यंत्रांत 'नेटवर्कवरून सुरू हो' असं सेट करून जायचो, पुढच्या शनिवारी येऊन बघावं तर सगळी विसरलेली. मदरबोर्डवर बटणासारखा गोल सेल असतो, तो संपला की यंत्राला तारीखही आठवत नाही आणि कशावरून सुरू व्हायचं तेही. बारा सेल बदलले. अर्धी 'नादुरुस्त' यंत्रं असल्या सेलमुळे पडून असतात.

दुसरी, पडद्यावर 'पीएक्सई-ई ६१'. म्हणजे वायरच पोचत नाही. भिंतीच्या कडेनं बघत गेलो, उंदरांनी केबल कुरतडलेली. पाइपातून नवी ओढली.

तिसरीनं दोन शनिवार खाल्ले. पडद्यावर 'पीएक्सई-ई ५३'. यंत्राला पत्ता मिळतोय, पण फाइलचं नाव मिळत नाही. माझा सर्व्हर नीट, वायर नीट. मग लक्षात आलं की ऑफिसातला इंटरनेटचा राउटरही त्याच जाळ्यात आहे आणि पत्ते वाटायचं काम तोही करतोय. गावात दोन पोस्टमन, आणि त्यातल्या एकाला माझ्या घरचा निरोपच माहीत नाही, अशातली गत. राउटर बंद करता येत नव्हता, ऑफिसचं ऑनलाइन काम त्यावर चालतं. उपाय सोपा निघाला. पत्ते राउटरनेच वाटायचे, माझ्या सर्व्हरनं फक्त फाइल सांगायची. याला प्रॉक्सी डीएचसीपी म्हणतात, आणि एलटीएसपीमध्ये ती सोय तयार असते. माहितीपत्रकात लिहिलेलंही होतं. मी वाचलं नव्हतं.

चौथी, वेगाची. एक यंत्र मिनिटाभरात सुरू व्हायचं, बारा एकदम लावली की सहा मिनिटं. स्विच उलटा करून पाहिला तर तो १०० एमबीपीएसचा. दुकानदारानं गिगाबिट म्हणून दिला आणि मीही, स्वतः त्याच धंद्यातला असून, खोक्यावरचं वाचलं नाही. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर १२ एमबी, तेवढ्यात बारा यंत्रांनी प्रत्येकी काहीशे एमबी ओढायचं. टाकी मोठी बांधली आणि खाली अर्ध्या इंचाचा पाइप जोडला. स्विच बदलून आणल्यावर काम झालं.

पाचवी तर स्वतःच्याच मूर्खपणाची. सर्व्हरवर मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड बसवला. सर्व्हरवर दिसतोय, पोरांच्या यंत्रांवर नाही. दोन तास डोकं फोडलं. यंत्रं सर्व्हर थेट वाचत नाहीत, सर्व्हरचा काढून ठेवलेला फोटो वाचतात. नवीन काही बसवलं की नवा फोटो काढावा लागतो, 'एलटीएसपी इमेज' अशी त्याची कमांड आहे. तसंच नवीन मुलांची नावं घातली तर 'एलटीएसपी इनिटआरडी' चालवावी लागते, नाहीतर पाचवीची नवी पोरं बरोबर पासवर्ड टाकून दारातच उभी राहतात. त्यातली एक रडायला लागली होती. तिला वाटलं तिचंच काहीतरी चुकलं. चुकलं माझं होतं.

एवढं करून १५ ऑगस्ट गाठला. झेंडावंदन झाल्यावर सरपंच, समितीचे अध्यक्ष, पालक, सगळे खोलीत. नारळ फुटला, बाईंनी बटणं दाबायला लावली, आणि बाराच्या बारा पडदे काळे. आदल्या रात्री मी स्वतः सगळं चालवून बघितलेलं. घाम फुटला. सर्व्हर परत सुरू केला, काही नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "भंगारच ते, भंगारच राहणार." पाहुणे चहाला गेले. मी टेबलाखाली बसून होतो.

सातवीतली एक पोरगी दाराशी थांबलेली. म्हणाली, "दादा, तो डबा एवढा का लुकलुकतोय? काल एवढा नव्हता." बघितलं तर स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे एकाच लयीत लुकलुकत होते. सकाळी झाडून घेताना मामांना एक वायर लोंबकळताना दिसली. बिचाऱ्यांनी पाहुणे येणार म्हणून ती नीटनेटकी करून रिकाम्या भोकात खोचली. तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. नेटवर्कवरची एक हाक त्या वेटोळ्यात शिरली की बाहेरच पडत नाही, फिरत राहते, वाढत राहते आणि सगळा रस्ता अडवते. वायर उपटली, दोन मिनिटांत बाराही यंत्रं सुरू. तोवर पाहुणे गेले होते. पण पोरं होती, आणि खोली खरं तर त्यांच्यासाठीच होती.

मामांना मी काही बोललो नाही. लोंबकळती वायर ठेवली होती मीच.

पुढचे तीन महिने छान गेले. लिबरऑफिसवर पोरांनी सहलीचा वृत्तांत मराठीत टाइप केला. गणिताच्या सरांनी जिओजेब्रावर त्रिकोण ओढून दाखवले. मराठी विकिपीडिया सर्व्हरवरच उतरवून ठेवला होता, इंटरनेट नसलं तरी चालायचा. एका पोरानं आधी आपल्या तालुक्याचं नाव शोधलं, मग स्वतःचं. स्वतःचं सापडलं नाही म्हणून नाराज. मी फेसबुकवर फोटो टाकले, तुम्ही लाइक केले, दोघातिघांनी सत्कार केला. मीही जरा हवेत होतो, खोटं कशाला बोलू.

आणि मग जे झालं त्यासाठी ही पोस्ट आहे.

नोव्हेंबरात आईचं ऑपरेशन निघालं. सात आठवडे मी शाळेकडे फिरकलो नाही. जानेवारीत गेलो तर खोलीला कुलूप. कव्हरं परत चढवलेली. बाई म्हणाल्या, "अरे, बंद पडलंय ते महिन्यापूर्वीच. तुला आईच्या दुखण्यात कशाला फोन करायचा म्हणून नाही केला."

आत गेलो. बाराही पडद्यांवर ई ५३. सर्व्हर बंद होता, एवढंच. एका रात्री लाइट गेली, युपीएसनं दम सोडला, सर्व्हर बंद झाला. लाइट आल्यावर राउटर आपोआप सुरू झाला, सर्व्हर नाही, कारण 'वीज आल्यावर आपोआप सुरू हो' हे सेटिंग मी केलंच नव्हतं. यंत्रांना राउटर पत्ता देत होता आणि फाइल सांगणारं कुणी नव्हतं. सर्व्हरचं बटण दाबलं, सगळं चालू.

एक बटण. महिनाभर दीडशे पोरांचा तास बुडाला तो एका बटणापायी. ते बटण दाबायला कुणी घाबरलं असं नाही, ते दाबायचं असतं हे माझ्याशिवाय कुणाला माहीतच नव्हतं. पासवर्ड माझ्या डोक्यात. कुठली वायर कुठे जाते ते माझ्या डोक्यात. बिघडलं तर काय करायचं तेही माझ्याच डोक्यात.

त्या दिवशी खोलीतली उद्घाटनाची पाटी परत वाचली. इतकी वर्षं आपण योजनेला नावं ठेवली. वस्तू दिली, सांभाळणारा माणूस दिला नाही, करार संपला की सगळं संपलं. मी वेगळं काय केलं होतं? माझा करार आईच्या ऑपरेशनपर्यंतचा होता, एवढाच फरक.

मग वही केली. शंभर पानी, साधी. डाव्या पानावर पडद्यावर काय दिसतं, उजव्या पानावर काय करायचं. सगळं मराठीत.

ई ६१ दिसलं : वायर निघालीय, मागे बघा, हिरवा दिवा लागला पाहिजे.
सगळीकडे ई ५३ दिसलं : सर्व्हर बंद आहे, खालचं मोठं बटण दाबा, तीन मिनिटं थांबा, मगच बाकीची लावा.
एकाच यंत्रावर तारीख चुकीची : गोल सेल बदला, खण क्रमांक २.
सगळे दिवे एकाच लयीत लुकलुकतात : एकाच वायरीची दोन्ही टोकं स्विचमध्ये आहेत, एक काढा.
लाइट गेली : आधी पोरांनी काम सेव्ह करायचं ही सवय, मग सर्व्हर नीट बंद करायचा. युपीएस दहा मिनिटं देतो, जास्त नाही.

पासवर्ड पाकिटात घालून, सील करून बाईंच्या कपाटात. शाळेच्या मंत्रिमंडळात संगणकमंत्री हे नवं खातं, सातवी-आठवीतले चौघं. दिवे बघणारी ती पोरगी त्यातली पहिली. शनिवारी मी गेलो तरी हात लावायचा नाही, हात मागे बांधून उभं राहायचं, पोरांनीच करायचं, असं स्वतःला बजावलं. हे मला सर्व्हर लावण्यापेक्षा अवघड गेलं. दोन शिक्षकांनीही शिकून घेतलं. त्यातल्या एकांची बदली... माफ करा, त्यांनी दुसऱ्या संस्थेत नोकरी धरली, पण जाताना वहीत चार पानं भरून गेले.

आता मुद्द्याचं, सार्वजनिक.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते, ती बऱ्याच जुन्या यंत्रांत नाही. म्हणजे शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायती, सगळीकडून चालती यंत्रं निर्लेखनाच्या यादीत जायला लागतील. माझ्या दुकानात आत्ताच विचारणा सुरू झालीय. भंगारात गेलेला संगणक कुठेतरी तोडला जातो, त्यातलं शिसं मातीत जातं, आणि आपण परत नव्याच्या मागणीचा ठराव करतो.

लिनक्स म्हणजे रामबाण, असं मी म्हणणार नाही. काही सॉफ्टवेअरं फक्त विंडोजवरच चालतात, ऑफिसचं एक यंत्र आम्ही त्यासाठी तसंच ठेवलंय. २ जीबी रॅमवर ब्राउझरचे चार टॅब उघडले की यंत्र धापा टाकतं. आणि सर्व्हर एकच असल्यानं तो गेला की सगळेच बसतात, हे तर मी भोगलंच.

म्हणून मागणं इतकंच. निर्लेखनाच्या यादीवर सही करण्याआधी प्रत्येक यंत्रापुढे 'नादुरुस्त' असं न लिहिता नेमकं काय गेलंय ते लिहा. डिस्क गेली, सेल गेला, बोर्ड गेला. तेवढ्यानं अर्धी यादी गळेल. दुसरं, शाळेला कुणी संगणक, टीव्ही, टॅब देणार असेल तर नारळ फोडण्याआधी विचारा, बिघडला तर कोण बघणार आणि त्याचे पैसे कुठल्या खात्यातून. सेवाभाव चांगला, पण घरात आजारपण आलं की सेवाभाव सुट्टीवर जातो. वर्षाला सहा-सात हजारांची देखभालीची तरतूद असेल तर तालुक्यातला कुठलाही दुरुस्तीवाला हे करेल. मीच पाहिजे असं काही नाही, आणि मीच लागत असेन तर ते काम अर्धवट समजा.

वहीचे फोटो काढून ठेवलेत. कुणाला हवे असतील तर मेसेज करा, फुकट आहेत. फक्त छापून कपाटात ठेवू नका, सर्व्हरच्या शेजारी दोरीनं बांधा.

गेल्या आठवड्यात मी पंचवीस दिवसांनी शाळेत गेलो. खोली उघडी होती, तास चालू होता. वहीत पोरांनी तीन नोंदी केल्या होत्या. शेवटची अशी : "यंत्र ७. सेल बदलला. तारीख लावली. चालू. दादांना फोन केला नाही."